गावाकडे जमीन घेऊन राहायचंय? आधी त्या तालुक्याचा मे महिना बघा



गावाकडे राहून करता येणाऱ्या धंद्यांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. "सर, नाशिक जिल्ह्यात जमीन कुठल्या तालुक्यात घेऊ?" विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले. डोक्यातलं चित्रही साधारण सारखंच. एक-दोन एकर, त्यात छोटं घर, दोन गायी, शंभरेक कोंबड्या, थोडा भाजीपाला, जोडीला तूप-लोणची विकणं किंवा पर्यटकांसाठी दोन खोल्या. आणि २०२० च्या लॉकडाऊननंतर त्यात एक वाक्य वाढलंय: "उद्या परत काही झालं, तर महिनाभर तरी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये."

इच्छा चांगली आहे. पण यात जाणारा पैसा म्हणजे पीएफ, बायकोचे दागिने, कधी कधी शहरातला फ्लॅट विकून आलेली रक्कम. दुकानाची जागा चुकली तर शटर उचलून दुसरीकडे जाता येतं. जमीन उचलून नेता येत नाही. म्हणून व्हिडिओत न बसलेलं इथे सविस्तर लिहितोय.

परदेशात याला होमस्टेडिंग म्हणतात आणि यूट्यूबवर त्याचे फार गोड व्हिडिओ असतात. त्यामागचा इतिहास मात्र गोड नाही. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळायचे. पूर्वेकडच्या ओल्या भागात तेवढ्यावर एखाद्या कुटुंबाचं निभायचं, पश्चिमेकडच्या कोरड्या पट्ट्यात नाही. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या सर्वेक्षकाने १८७८ मध्येच सरकारला लिहून दिलं होतं, की इथे पाऊस कमी आहे, इथला हिशोब वेगळा ठेवा. फारसं कुणी ऐकलं नाही. १९३० च्या दशकात त्या मैदानांवरची माती धुळीची वादळं होऊन उडाली आणि लाखो लोक घरंदारं सोडून निघाले.

आपल्याकडे हा फरक बघायला एवढा मोठा देश फिरायची गरज नाही. इगतपुरीहून येवल्याला गाडीने जा, सव्वाशे किलोमीटर. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, येवला-नांदगावकडे पाचशे-सहाशेच्या आसपास. जिल्हा एक, कलेक्टर एक, तालुके पंधरा. त्यामुळे "नाशिकची हवा चांगली" हे वाक्य जमीन घेताना काही कामाचं नाही.

पाऊस आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

तुम्ही जमीन कधी बघायला जाता? ऑगस्ट-सप्टेंबरात धबधबे असताना, नाहीतर डिसेंबरात थंडी छान असताना. एजंटही तेव्हाच नेतो. आपल्या बॅचमधल्या एका जोडप्याने असंच सप्टेंबरात त्र्यंबकेश्वर तालुक्यात तीस गुंठे घेतले. मागे डोंगर, बाजूला ओहोळ, विहीर तुडुंब. फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसला. एप्रिलमध्ये सहा गायींसाठी विकतचं पाणी, आणि मे संपायच्या आत चार गायी विकल्या. तूप चांगलं होतं, गिऱ्हाईकही लागलं होतं.

पश्चिमेच्या पट्ट्याचं, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याचं, हेच दुखणं आहे. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी चार महिने पडतं आणि चार तासांत वाहून जातं. मोठी धरणं याच भागात आहेत, पण वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि दारणेचं पाणी नांदूर मध्यमेश्वरहून कालव्यांनी अहिल्यानगर-वैजापूरकडे. "धरण उशाला आणि कोरड घशाला" ही म्हण या गावांना कुणी शिकवायला नको.

आणि धरण जवळ आहे म्हणजे पाणी आपलं, असंही समजू नका. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आलंय. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल, तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरात ते सोडलंही गेलं. म्हणजे तुमचं पीक दिंडोरीत असलं तरी पैठणच्या धरणात किती पाणी आहे, ही तुमच्या धंद्याची बातमी आहे.

आता पूर्वेकडे या. माझं दुकान आडगाव नाक्याजवळ, ड्रिप, पाइप, मोटर आणि स्टार्टरचं. मार्च लागला की येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नरच्या पूर्व भागातले शेतकरी बोअरची मोटर खाली उतरवायला जादा पाइप आणि केबल न्यायला येतात. कुठल्या गावचा माणूस किती फूट जादा मागतो, यावरून मला त्या शिवारातलं पाणी कळतं. कुठलाही एजंट हा आकडा देणार नाही. तुम्हीही हे करू शकता: ज्या गावात जमीन बघताय, त्याच्या जवळच्या बाजाराच्या गावात मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे चहा प्या. किती फुटांवर पाणी लागतं, बोअर किती वर्षं टिकतात, कुठल्या महिन्यात मोटरी वर काढतात, सगळं सांगेल. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

सरकारी आकडेही आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते. नाशिकच्या कार्यालयात जाऊन त्या गावच्या जवळची विहीर कुठली, ते विचारा आणि मे महिन्याच्या नोंदी मागा. ग्रामपंचायतीत विचारा, गेल्या दहा वर्षांत टँकर किती उन्हाळे आला. २०२३ मध्ये राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. मनमाडकरांनी नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याचे उन्हाळे वर्षानुवर्षं काढलेत.

घराचं पाणी सोपं, धंद्याचं अवघड

इथे वही-पेन घ्या. चार माणसं, प्रत्येकी ५५ लिटर (जलजीवन मिशन हाच आकडा धरतं), म्हणजे २२० लिटर. दोन गायींना मिळून सव्वाशे ते दीडशे. शंभर कोंबड्यांना पंचवीस-तीस, उन्हाळ्यात जास्त. ढोबळ चारशे लिटर रोज. पंचेचाळीस दिवस बाहेरून एक थेंबही आला नाही असं धरलं, तर १८ हजार लिटर साठा हवा.

आता छप्पर बघा. हजार चौरस फुटांचं छत आणि वर्षाला फक्त ५०० मिलिमीटर पाऊस. गळती वगैरे धरून वीस टक्के सोडले तरी ३७ हजार लिटर पाणी मिळतं. म्हणजे येवल्यातसुद्धा एक छप्पर आणि एक झाकलेली टाकी तुमचं कुटुंब, दोन गायी आणि कोंबड्या तीन महिने जगवते. लोक बोअरवर दोन-तीन लाख घालतात आणि छपराची पन्हळ मोकळी सोडतात, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

पण भाजीपाल्याचा हिशोब बघा. फक्त दहा गुंठे, ड्रिपवर, एप्रिलमध्ये. रोजचे पाच-सहा हजार लिटर. महिन्याचे दीड लाखाच्या वर. इथे छप्पर पुरत नाही, शेततळं लागतं. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावतात. ऐकायला भरपूर वाटतं. मात्र उन्हाळ्यात भरलेल्या तळ्यातून रोज सहा-सात हजार लिटरची नुसती वाफ होते, म्हणजे तुमचं दहा गुंठ्यांचं पीक पितं त्याहून जास्त. शिवाय ते तळं पावसाळ्यात भरणार कशाने, हा प्रश्न आहेच. पूर्वेकडे बरेच जण विहिरीतून उपसून तळं भरतात. त्यातून नवं पाणी तयार होत नाही, जमिनीखालचं वर आणून उन्हात ठेवलं जातं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पाणी कमी म्हणून एखादा तालुका वाईट ठरत नाही, तिथे पाणी पिणारा धंदा वाईट. येवलाच घ्या. शेतीला पाण्याची ओढ, पण गावाचं नाव पैठणीने देशभर गेलं. हातमागाला आवर्तनाची वाट बघावी लागत नाही. मालेगाव यंत्रमागांवर उभं राहिलं. सिन्नरला सहकारी औद्योगिक वसाहत आली आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पोरांना पगार मिळाला. तुम्हाला शेळ्या, कांदा चाळ, मसाले, पॅकिंग, शिवणकाम असलं काही करायचं असेल तर पूर्वेकडची स्वस्त जमीन तुम्हाला चालेल. दुधाचा गोठा किंवा पालेभाज्या करायच्या असतील तर तीच जमीन तुम्हाला खाईल.

पाण्याच्या बाबतीत मला स्वतःला दोन पट्टे पटतात. एक, दिंडोरीतला वाघाड प्रकल्पाचा. तिथे ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, नव्वदच्या दशकापासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी किती, कुणाला, कधी आणि पट्टी किती, हे लाभधारकच ठरवतात. अशा गावात तुमची पाळी कागदावर असते, कुणाच्या मर्जीवर नसते. पण तिथले भाव बघून बरेच जण परत फिरतील. दुसरा पट्टा कळवण-बागलाणचा, गिरणा आणि मोसमच्या खोऱ्यातला. वर चणकापूर आणि हरणबारी ही धरणं, खाली जुन्या बंधाऱ्यांवरची फड पद्धत. शेकडो वर्षं लोक तिथे पाणी वाटून घेत आलेत, ती सवय गावात मुरलेली आहे. नाशिकपासून लांब पडतं, हे खरं.

पाणी जास्त होतं तेव्हा

गोदाकाठची काळी जमीन सोन्यासारखी आहे, कारण ती पुरानेच आणून टाकलेली आहे. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९. नाशिकमध्ये दुतोंड्या मारुती बुडाला की आपण फोटो काढायला जातो. तेच पाणी पुढे निफाड तालुक्यात चांदोरी-सायखेड्याच्या घरांत शिरतं. तिथल्या मळ्यातली पंधरा गुंठे स्वस्त मिळत असेल तर ती का स्वस्त आहे, ते आधी विचारा.

नदीकाठची कुठलीही जमीन घेताना जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघायच्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नको, गोठाही नको. निळ्या आणि लालच्या मधे पीक घ्या, पण खत, खाद्य आणि मोटरचा स्टार्टर उंचावर ठेवा. नकाशा मिळेपर्यंत गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. १९६९ चा पूर पाहिलेली माणसं अजून आहेत आणि देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, ते बोटाने दाखवतात.

डोंगरउताराचं वेगळं. इगतपुरी-त्र्यंबककडे "व्हॅली व्ह्यू" म्हणून उतार कापून पाडलेले प्लॉट विकतात. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी, दोन्ही वेळा भर पावसात डोंगर खाली आला. माळीणमध्ये १५१ माणसं गेली. ताज्या कापलेल्या उताराखाली, फुगलेल्या आणि तडे गेलेल्या संरक्षक भिंतीखाली, किंवा पावसाळ्यात जिथे नवीनच झरा फुटतो अशा जागी घर बांधू नका. व्ह्यू बघायला तिथे डबा घेऊन जा आणि संध्याकाळी घरी या.

भूकंपाचं थोडक्यात: नाशिक मध्यम धोक्याच्या पट्ट्यात धरलं जातं. कळवणमधल्या दळवट परिसरात लहान धक्के अधूनमधून बसत आले आहेत, पेठ-सुरगाण्यातही जाणवतात. त्यासाठी तालुका सोडायची गरज नाही. किल्लारीला १९९३ मध्ये माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवद अंगावर पडून. जोत्याला आणि लिंटलला काँक्रीटचा सलग पट्टा घाला आणि छप्पर हलकं ठेवा.

निफाडकडे घेणार असाल तर थंडी लक्षात ठेवा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्या आसपास गेला होता. द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. तुम्ही कोंबडीची पिल्लं आणणार असाल तर ब्रूडरच्या बल्बला लाइट लागते, आणि इथूनच पुढचा मुद्दा सुरू होतो.

लाइट कुठल्या फीडरवर आहे?

हा प्रश्न जमीन बघायला गेलेल्या शंभरातले पाच जणही विचारत नाहीत. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाइट दिवसातले ठरावीक तास, पाळी बदलत, कधी दिवसा तर कधी रात्री. तुमचं घर मळ्यात असेल आणि कनेक्शन शेतीच्या लाइनवर असेल, तर डीप फ्रीझर, दूध चिलर, पिठाची गिरणी, सगळं त्या पाळीवर नाचणार. गावठाणाच्या लाइनवर कनेक्शन मिळेल का आणि किती खांब टाकावे लागतील, हे व्यवहाराआधी महावितरणच्या त्या भागातल्या कार्यालयात जाऊन विचारा. जास्तीच्या खांबांचा खर्च जमिनीच्या किमतीत धरा. जुलैमध्ये इगतपुरीकडून माझ्याकडे स्टार्टर जळाल्याची गिऱ्हाइकं रांगेने येतात. वादळी पावसात लाइन पडली की दोन-दोन दिवस लाइट नसते, हे तेच सांगतात. मी तिथल्या माणसाला सोलर पॅनलसोबत बॅटरीही घ्यायला सांगतो, कारण जुलैच्या ढगात नुसतं पॅनल काही देत नाही.

रस्त्याचंही तसंच. सातबारा बघताना लोक नाव आणि क्षेत्र वाचतात आणि थांबतात. तुमच्या गटापर्यंतची वाट कागदावर आहे का, की शेजाऱ्याच्या बांधावरून "चालतं हो" म्हणून चाललंय? आज चालतं. तुमच्या खोल्यांना पर्यटकांच्या गाड्या यायला लागल्या की चालत नाही. काळ्या मातीची शिवारवाट ऑगस्टमध्ये दुधाच्या टेम्पोला नेत नाही, हेही बघा. एक परीक्षा सांगतो. रात्री अकरा वाजता, पावसात, साप चावलेल्या माणसाला सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यायला किती वेळ लागेल? १०८ ला फोन लागायला तिथे रेंज आहे का? उत्तर तासाच्या वर जात असेल तर वयस्कर आई-वडिलांना घेऊन तिथे राहायचा विचार दोनदा करा.

कागद

यावर वेगळा व्हिडिओ करतोय, इथे फक्त जे पैसे बुडवतं तेवढंच. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर कुठेतरी सातबारा आहे का, तो आधी शोधा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण या पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी खूप आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ मुळे त्या बिगर-आदिवासींना सहजासहजी हस्तांतरित होत नाहीत. "नोटरी करून देतो, नंतर नावावर होईल" असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तरी तेच, परवानगीचा कागद दिसल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

दोन-चार गुंठ्यांचे "फार्महाउस प्लॉट" ही आणखी एक जागा. २०२३ च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. त्याखालचा तुकडा खेड्यातल्या शेतजमिनीत घेतलात, तर दहा अनोळखी लोकांसोबत एकाच सातबाऱ्यावर सामाईक नाव लागतं आणि मग विहिरीपासून कर्जापर्यंत सगळं अडतं. विहीर सामाईक असेल तर "इतर हक्कात" तुमचा हिस्सा आणि पाण्याची पाळी लिहिलेली हवी. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ आल्यापासून इगतपुरी-त्र्यंबककडचे भाव तापलेत, त्यामुळे असे प्लॉट विकणारेही वाढलेत.

एवढं सगळं बघूनही एखादा तालुका पसंत पडला, तर लगेच खरेदीखत करू नका. गावठाणात एक घर भाड्याने घ्या, अकरा महिन्यांचा करार करून. त्यात एक पावसाळा आणि एक मे आला पाहिजे. शेत भाड्याने मागितलंत तर शेतकरी कचरतो, कूळ लागेल ही भीती त्याला आजोबांपासून आहे, म्हणून जमीन मागू नका, परसात जेवढं होईल तेवढं करा. दहा कोंबड्या, चार वाफे, आणि तुमचा जो माल विकायचा आहे तो त्या गावातून नाशिकला किंवा पिंपळगाव-लासलगावला आठवड्याला दोनदा प्रत्यक्ष नेऊन बघा. डिझेल, वेळ, खराब झालेला माल, लाइट गेलेले तास आणि विकत घेतलेलं पाणी, पाचही आकडे रोज वहीत लिहा. जूनमध्ये ती वही घेऊन माझ्याकडे दुकानात या, बसून हिशोब करू. चहा माझ्याकडून.